हॉलमध्ये लावायला जपानी स्टाईलची सरळ तलवार घ्यावी का? (पुणे)

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. नवीन फ्लॅटमध्ये आलोय, हॉलमध्ये सोफ्याच्या मागची लांबलचक भिंत रिकामी आहे, बायको म्हणते तिथे वारली पेंटिंग लावू आणि मला कॉलेजपासून घरात एक तलवार हवीये. वाकडी जपानी तलवार, कटाना, आता सगळ्यांकडेच दिसते, मला ती सरळ पात्याची, चौकोनी गार्डवाली (मूठ आणि पात्याच्या मधली हात वाचवणारी पट्टी) काळी आवडते, निंजाटो नावाने विकतात ती. ऑनलाइन एक बघून ठेवलीये, एकूण लांबी ४० इंच, पातं २६ इंच, ४४० स्टेनलेस स्टील, मूठ काळ्या दोरीने गुंडाळलेली, काळं लाकडी म्यान, सोबत स्टँड, ३,८०० रुपये. वर लिहिलंय ओरिजिनल निंजा डिझाइन, ६०० वर्षांची परंपरा, बॅटल रेडी, कलेक्टर्स एडिशन, आणि खाली बारीक अक्षरात फक्त शोभेसाठी. आता बॅटल रेडी का शोभेसाठी ते एकदा ठरवा ना बाबांनो.

मला कोणाशी लढायचं नाहीये. पण पैसे घालवायचे तर वस्तू जरा खरी असावी, पावसाळ्यात गंजू नये (आमच्या त्या भिंतीला थोडी ओल येते), आणि उद्या दारात पोलीस नकोत. आठ वर्षांचा मुलगाही आहे घरात. कोणी घेतली असेल, हाताळली असेल तर सांगा प्लीज.

पेठेतला आगाऊ
वहिनी बरोबर बोलतायत. धागा बंद करायला हरकत नाही.

गंज नको
आगाऊभाऊ, दर धाग्यावर पहिलं उत्तर तुमचंच कसं असतं हो.

सिंहगडरोडकर, ४४० स्टेनलेस आणि बॅटल रेडी एकाच जाहिरातीत दिसलं की समजायचं लिहिणाऱ्याने कुठून तरी उचलून चिकटवलंय. स्टेनलेस वाईट नसतं, किचनच्या चाकूला झकास. पण दोन फुटांच्या वरच्या पात्याला तेच वापरलं की ते कडक होतं आणि हवी तेवढी लवचिकता राहत नाही, जोरात कशावर बसलं तर वाकायच्या ऐवजी तुटतं, आणि तो तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून वापरायच्या तलवारी १०४५, १०६०, १०९५ अशा हाय कार्बन स्टीलच्या करतात, त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बन, १०६० मध्ये साधारण ०.६० टक्के. पण हे स्टील आपल्या जुलै-ऑगस्टमध्ये तेल न लावता ठेवलं तर बघता बघता तांबूस ठिपके धरतं. म्हणजे तुम्हाला फक्त भिंतीवरच लावायचीये तर स्टेनलेसने बिघडत काही नाही, उलट सोपं पडतं. फक्त ती हातात घेऊन फिरवायची नाही. कधीच नाही. मित्र आले, दोन पेग झाले, नारळ फोडून दाखवतो, असलं काही नाही.

खरी गंमत मुठीच्या आत असते. स्वस्त तलवारीत पातं गार्डपाशीच संपतं, पुढे त्याला एक बारीक रॉड वेल्ड केलेला असतो आणि मुठीच्या टोकाला नट आवळलेला. फोटोत कळत नाही, पण फिरवली की वेल्ड सुटून पातं समोरच्याकडे आणि मूठ तुमच्याकडे. जपानी पद्धतीत पात्याचाच जाड भाग मुठीत खोल जातो आणि आडवी बांबूची खुंटी मारून धरलेला असतो, खुंटी काढली की मूठ अलगद निघते. विकणाऱ्याला एवढंच विचारा की खुंटी काढून आतला फोटो पाठवता का. गप्प बसला तर आत रॉड आहे.

अजून एक, पात्यावर जी लाटांसारखी पांढरट रेघ दाखवलेली असते ना, ती ४४० वर असेल तर ॲसिडने नाहीतर ब्रशने काढलेली असते. दोन्ही बाजूंना हुबेहूब सारख्या लाटा दिसल्या तर डोळे झाकून समजा. शोभेला चालेल, पण त्या रेघेचे जास्तीचे पैसे देऊ नका.

सिंहगडरोडकर
धन्यवाद दादा, एवढं डिटेलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. विकणाऱ्याला मेसेज टाकला. पण मग ती रेघ खऱ्या तलवारीत कशाने येते?

ओसाफुने रिटर्न
याचं उत्तर मी देते, आणि त्यातच तुमच्या सरळ पात्याचं पण उत्तर आहे.

तलवार घडवून झाली की तिला पाणी द्यायच्या आधी पात्यावर मातीचा लेप लावतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. मग लाल तापवून पाण्यात बुडवतात. धारेकडची बाजू झटकन गार होते आणि कडक होते, पाठ सावकाश गार होते म्हणून मऊ राहते, आणि जिथे कडक संपून मऊ सुरू होतं तिथे ती रेघ दिसते. आता कडक झालेलं पोलाद किंचित फुगतं, म्हणजे धारेची बाजू पाठीपेक्षा लांब होते आणि पातं पाठीकडे वळतं. कटानाचा बाक बराचसा पाण्यातच येतो, सगळा हातोड्याने ठोकून केलेला नसतो. त्यामुळे या पद्धतीने पाणी दिलेली तलवार अगदी फूटपट्टीसारखी सरळ ठेवणं ही उलट जास्तीची मेहनत आहे, लोहाराला आधीच उलट्या बाजूला वळण देऊन ठेवावं लागतं.

आता निंजा, म्हणजे जपानचे जुने हेर. चौकोनी गार्डची सरळ निंजा तलवार ६०० वर्षं जुनी वगैरे काही नाहीये हो. जुनी अस्सल अशी एकही तलवार दाखवता येत नाही. जपानातल्या इगा गावात निंजांचं म्युझियम १९६४ साली निघालं तिथे असल्या नमुन्याच्या प्रतिकृती लागल्या, आणि मग ८० च्या दशकातल्या अमेरिकन निंजा पिक्चरांनी ती जगभर पोचवली. खऱ्या हेर लोकांकडे त्या काळी सगळे वापरत तीच तलवार असणार, नाहीतर बाकीच्यांच्यात मिसळणार कसे? वेगळीच चौकोनी तलवार पाठीला बांधून फिरणारा हेर म्हणजे छातीवर बिल्ला लावून फिरणारा हेर.

पण सरळ जपानी तलवार हा प्रकारच खोटा असं मात्र नाही, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. जपानातल्या सुरुवातीच्या तलवारी सरळच होत्या, चोकुतो म्हणतात त्यांना, विद्या चीन आणि कोरियाकडून आलेली. नाराच्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातल्या जपून ठेवल्यात. ओसाकाच्या शितेन्नोजी मंदिराच्या दोन आहेत, राजपुत्र शोतोकूच्या मानतात, त्यातल्या एकीवर सात तारे कोरलेत. आणि काशिमा देवस्थानात एक आहे तिचं नुसतं पातंच सव्वादोन मीटरच्या आसपास, ती कोणी उचलून लढायला केलेली नाही, देवाची आहे. दहाव्या शतकाच्या आसपास घोड्यावरून लढणारे आले, धावत्या घोड्यावरून वार करायला बाकदार पातं बरं पडतं, मग सरळ तलवार मागे पडली. तुम्हाला सरळच पाहिजे ना, मग निंजा कशाला, चोकुतोच्या नमुन्याची बघा. दिसायलाही जास्त देखणी असते, त्या काळ्या दोरीवालीपेक्षा.

पेठेतला आगाऊ
ताई, तुम्ही हे सगळं ओसाफुनेला जाऊन बघून आलात का नाव नुसतं झोकात ठेवलंय?

ओसाफुने रिटर्न
जाऊन आलेय. जपानी शिकत होते तेव्हा ओकायामाला गेले होते, ओसाफुने त्याच प्रीफेक्चरमध्ये, म्हणजे तिकडच्या प्रांतात. पूर्वी त्या भागाला बिझेन म्हणायचे आणि जपानने राष्ट्रीय ठेवा ठरवलेल्या तलवारींपैकी जवळजवळ निम्म्या बिझेनच्या आहेत. तिथे तलवारींचंच म्युझियम आहे आणि ठरावीक दिवशी लोहार समोर घडवून दाखवतात. सिंहगडरोडकर तर नावावरून पु. ल. देशपांडे उद्यानाच्या जवळच राहत असणार, ते उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरूनच केलंय. म्हणजे तलवारींच्या माहेरघराशी तुमचं शेजाऱ्याचं नातं आहे, निंजाचं कशाला पाहिजे.

सिंहगडरोडकर
उद्यानापासून दोन चौक. रोज सकाळी चालायला तिथेच असतो आणि हे माहीत नव्हतं, भारी. चोकुतोचे फोटो बघितले, खरंच देखण्या आहेत, बायकोला पण दाखवले, ती म्हणाली ही जरा बरी आहे. हा मोठा विजय आहे.

काळा कोट
विजय साजरा करायच्या आधी कायद्याचं बघून घ्या, कारण इथे कोणी त्यावर बोललंच नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये शस्त्राची व्याख्या मोठी आहे, हल्ला करायला किंवा बचावाला बनवलेली कुठलीही धारदार वस्तू त्यात येते. त्यातून वगळलंय काय, तर फक्त घरकामाच्या नाहीतर शेतीच्या वस्तू, आणि अशा गोष्टी ज्या खेळणं सोडून दुसऱ्या कशालाही वापरता येत नाहीत आणि ज्यांचं कामाच्या शस्त्रात रूपांतरही करता येत नाही. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी महत्त्वाचं. धार नाही म्हणून शोभेची, असं विकणारा म्हणतो, पण पोलादी पात्याला ग्राइंडरवर धार लावायला कितीसा वेळ लागतो? म्हणजे फक्त शोभेसाठी असं बारीक अक्षरात छापलं की सुटका झाली, असं नाही.

शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी नाव घेऊन आहेत, गुप्ती पण त्यातच, शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं. कलम ४ प्रमाणे केंद्राने अधिसूचित केलेल्या भागात अशी शस्त्रं बाळगायला परवाना लागतो. पुण्यात तलवार सापडली की पोलीस कलम ४ सह २५ लावतात आणि जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७(१) आणि १३५, कारण सणासुदीला नाहीतर बंदोबस्तात आयुक्तांचे मनाई आदेश असतात त्यात शस्त्र बाळगून फिरायला बंदी असते. पेपरमध्ये रोजच्या रोज बातमी असते, तलवार घेऊन फिरणारा अटकेत.

बाहेरच्या देशातून मागवायचा विचार असेल तर आणखी लांबण, आयातीला कलम १० खाली वेगळा परवाना आणि वर कस्टम्स. पार्सल अडकलं तर ३,८०० गेलेच, शिवाय उत्तरं देत बसायचं ते वेगळं.

धोपवाला
वकीलसाहेब घाबरवू नका उगाच. आमच्या गावाकडे घराघरात तलवार आहे, खंडेनवमीला बाहेर काढतो, हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, परत ठेवतो. कधी कोणी आलं नाही विचारायला. लग्नात नवऱ्याच्या हातात पण तलवार असतेच की.

आणि मूळ प्रश्नावर बोलायचं तर सरळ पातंच पाहिजे तर जपानपर्यंत जायची गरजच काय? आपली धोप बघा की. लांब, सरळ, मराठ्यांची आवडती. फिरंग म्हणतात त्यात तर पातं युरोपातून आलेलं आणि मूठ इथली. शुक्रवार पेठेत केळकर म्युझियमला जा, शस्त्रांचं दालन बघा, मग ठरवा. त्या काळ्या दोरीत काय आहे सांगा मला.

काळा कोट
धोपवाले, घरोघरी आहे आणि कायद्याने चालतं या दोन वेगळ्या गोष्टी. खंडेनवमीच्या पूजेला कोणी आडवं येत नाही हे मान्य. पण सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं आणि समोरच्याने पोलिसांना सांगितलं की यांच्या घरी तलवार आहे, तर तेव्हा पंचनाम्यात खंडेनवमी येणार नाही, पात्याची लांबी येणार. आणि तुमची वडिलोपार्जित तलवार १०० वर्षांच्या वरची असेल तर ती पुरावस्तू कायदा १९७२ मध्ये पण येऊ शकते, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाही, हे पण घरच्यांना सांगून ठेवा.

सिंहगडरोडकर, सरळ मार्ग असा की घ्यायच्या आधी पोलीस आयुक्तालयातल्या परवाना शाखेत एक लेखी अर्ज द्या, वस्तूचा फोटो, लांबी, कशाची बनलीये ते सगळं लिहून, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी काय हो, कोणी पण म्हणेल घ्या की साहेब काही होत नाही. आणि अख्खा व्यवहार बिलावर करा.

धोपवाला
अर्ज देऊन भिंत सजवायची वेळ आली आता.

पेठेतला आगाऊ
पुण्यात खिळा ठोकायला पण सोसायटीची परवानगी लागते, तलवारीला एक अर्ज म्हणजे स्वस्तातच पडलं.

गंज नको
वकीलसाहेब म्हणतात त्यावरून आठवलं, यातून एक बरी वाट जपान्यांनीच काढून ठेवलीये. तिकडे खऱ्या तलवारीला नोंदणीचा कागद लागतो, तो तलवारीबरोबर फिरतो, आणि घडवायची परवानगी पण लायसन्सवाल्या लोहारांनाच. मग सरावाला आणि शोभेला ते झिंक-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पातं ओततात. दिसायला पोलादासारखं, वरून पॉलिश, पण धातू एवढा मऊ की धार घेतच नाही, लावायला गेलात तर कड बोथट होऊन मुडपते. लोहचुंबक लावून बघा, चिकटणार नाही. जपानात अशा तलवारीला नोंदणी लागत नाही. इथे ती आपोआप सुटते असं मी म्हणत नाही, तो प्रांत वकीलसाहेबांचा, पण अर्जात धार न धरणारा मिश्रधातू असं लिहिता आलं तर मुद्दा बराच वेगळा होतो ना? टोक मात्र टोकच असतं. मुलाच्या डोळ्याला लागायला धार लागत नाही.

गंजाचाही प्रश्न मिटतो. मिश्रधातूला तांबूस गंज येत नाही, फार तर पांढरट डाग पडतात ओलीने. तरी ओलीच्या भिंतीवर लावूच नका, आधी ती ओल बघा कुठून येते, आणि मग सुद्धा भिंतीला चिकटवून नको, स्टँडवर पुढे ठेवा म्हणजे मागे हवा खेळेल.

सिंहगडरोडकर
दादा तेल कुठलं? पोलादी घ्यायची वेळ आली तर म्हणून विचारून ठेवतो. आई म्हणते खोबरेल लाव.

गंज नको
खोबरेल नको! आईंना नमस्कार सांगा, पण थंडीत ते थिजतं आणि जुनं झालं की चिकट थर धरतो, त्यावर धूळ बसते. जपानात लवंगेच्या वासाचं हलकं तेल वापरतात, आपल्याकडे शिलाई मशीनचं तेल चालतं, बोहरी आळीत कुठल्याही दुकानात मिळेल. मऊ सुती फडक्यावर दोन थेंब, पातं पुसायचं, परत कोरड्या फडक्याने जास्तीचं काढायचं, बोट लागलं तर तिथे आधी पुसायचं कारण घामाच्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. पावसाळ्यात म्यानात बंद करून विसरू नका, लाकूड ओल धरतं आणि पातं आतल्या आत खराब होतं, बाहेरून कळत पण नाही. अधूनमधून काढून बघत राहायचं.

आणि एक, मूठ आधी तपासा. दोरी ढिली होऊन सरकत असेल तर ती वस्तू नको, मग ती कितीही छान दिसो.

ओसाफुने रिटर्न
मांडणीचं राहिलं. कटाना स्टँडवर ठेवताना धार वर आणि मूठ डावीकडे ठेवतात, उजव्या हाताने चटकन उपसता येऊ नये म्हणून. तुमची चोकुतोसारखी असेल तर ती कटानासारखी कमरेत खोचायची नसायचीच, दोऱ्यांनी कमरेला लटकवायचे, तेव्हा धार खाली ठेवली तर जास्त शोभेल. बरेच जण फिल्मी पोस्टर बघून दोन तलवारींची फुली करून लावतात, तसं प्लीज करू नका, बघवत नाही.

शिवाय काठीत लपवलेली सरळ तलवार म्हणून एक प्रकार तुम्हाला ऑनलाइन हमखास दिसेल, दिसायला साधी चालायची काठी आणि आत पातं. १८७६ मध्ये जपान सरकारने उघडपणे तलवार बाळगायला बंदी केली त्यानंतर त्या फार चालल्या. त्याच्या नादी लागू नका.

काळा कोट
अगदी. ती म्हणजे सरळसरळ गुप्ती. भिंतीवरच्या वस्तूबद्दल निदान शोभेची आहे असं तोंड उघडून म्हणता येतं, लपवलेल्या पात्याबद्दल काय म्हणणार?

सिंहगडरोडकर
अपडेट देतो. विकणाऱ्याने मुठीच्या आतला फोटो पाठवला नाही, उलट भाव ३,२०० केला, म्हणजे गंज नको दादा म्हणाले ते बरोबरच, आत रॉड असणार. ती कॅन्सल. मिश्रधातूची चोकुतो स्टाईल देशातच कोणी बिलावर करून देतं का ते शोधतोय, डेहराडूनकडे पिक्चर आणि नाटकांसाठी प्रतिकृती करणारे आहेत असं कळलं, त्यांना मेल टाकलाय. परवाना शाखेसाठी अर्ज लिहून ठेवलाय, पातं किती लांब ते पक्कं कळलं की देतो. रविवारी मुलाला घेऊन केळकर म्युझियमला पण जाणार आहे, धोपवाल्यांचं म्हणणं त्याला पटलंय, त्याला आता धोपच पाहिजे.

काळा कोट साहेब, अर्ज मराठीत दिला तर चालेल ना?

काळा कोट
चालेल. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या, आणि वस्तूसाठी तलवारीची शोभेची प्रतिकृती असंच लिहा. निंजा हा शब्द कुठेही नको.